सहा रात्री, सात दिवस

“मॅडम, पॅसेंजर किती टाकू?”

सुशांतने मोबाईलवरून मान वर न करता विचारलं. शीला डब्यातली शेवटची भाजी संपवत होती. कल्याणच्या पोस्टात मागच्या खोलीत, टपालाच्या रिकाम्या गोण्यांशेजारी एक लांब टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिथेच बसत. बाकीचे उठून गेले होते आणि सुट्टी संपायला दहा मिनिटं होती.

“तीन टाक,” ती म्हणाली. मग म्हणाली, “थांब. दोन. नको, थांब जरा.”

“अहो, बुकिंग नाय करत आपण. फक्त विमानं कधी आहेत ते बघतोय. पण आकडा टाकल्याशिवाय हे पुढेच जात नाय.”

“मग राहू दे आज.”

सुशांतने तिच्याकडे पाहिलं. चाळिशीचा हा गृहस्थ स्पीड पोस्टच्या खिडकीवर बसायचा आणि सगळ्या कचेरीत ‘अंदमानवाला’ म्हणून ओळखला जायचा. स्वतः दोनदा जाऊन आला होता आणि ज्याला जायचं असेल त्याची तिकिटं, हॉटेलं, बोटी सगळं हौसेने ठरवून द्यायचा. केंद्र सरकारच्या नोकरदारांना चार वर्षांतून एकदा देशात कुठेही फिरायची सवलत मिळते, आणि तीत अंदमानला विमानानं जाता येतं. शीलाने चौतीस वर्षांच्या नोकरीत ती एकदाही घेतली नव्हती. येत्या मेमध्ये ती निवृत्त होणार होती.

“मेनंतर नाय मिळणार हां हे,” सुशांत म्हणाला. “जानेवारी बेस्ट. समुद्र शांत असतो. सहा रात्री, सात दिवस. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. मॅडम, पाणी असं की तळाची वाळू दिसते.”

“किती खोल असतं?”

“ते काय माहीत. पण दिसते.”

शीलाने डबा बंद केला आणि खिडकीवर जाऊन बसली. समोर बचत खात्याची रांग लागलेली होती. दुपारभर ती पासबुकं भरत राहिली, पण मधूनच तिचा हात थांबायचा. साधा एक आकडा विचारला होता सुशांतने, आणि तो तिला सांगता आला नव्हता.

तिसरी व्यक्ती म्हणजे ऐश्वर्या. शीला आणि दौलतची एकुलती एक मुलगी. वय एकोणतीस. जन्मताना नाळ गळ्याभोवती अडकली होती, रडायला फार वेळ लावला होता तिने. पुढे मान धरायला उशीर झाला, चालायला उशीर झाला, आणि पाचव्या वर्षी फिट यायला लागल्या. आता ती चांगली उंच, आईपेक्षा अंगाने भरलेली होती, हसली की गालाला खळी पडायची. बोलायचीही, पण पन्नास-साठ शब्दांत तिचं सगळं भागायचं. अनोळखी माणूस नको, मोठा आवाज नको, कपडे बदलणं नको.

सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला तिला फिटच्या गोळ्या द्याव्या लागत. एकदा जरी चुकली तरी फिट येईल ही धास्ती असायची. त्या गोळ्या देणं हे शीलाचं काम. दोन चमच्यांमध्ये गोळी चुरायची, केळ्याच्या शिकरणात कालवायची आणि पोस्टात आज कोण कोण आलं ते सांगत सांगत भरवायची. दुसऱ्या कुणाच्या हातून ऐशू ती घेत नसे. दौलतने दिली तर थुंकायची. त्यामुळे चोवीस वर्षांत शीला रात्री घराबाहेर राहिली नव्हती. धाकट्या भावाच्या लग्नाला ती सकाळी अलिबागला गेली आणि अक्षता पडल्या पडल्या परत निघाली होती.

दौलतची गोष्ट वेगळी. तो मानपाड्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत बॉयलरवर होता. शीलाची नोकरी दिवसाची, म्हणून त्याने साहेबाला सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतली. ती सव्वाआठला घरातून निघायची तेव्हा तो दारात बूट काढत असायचा. ती संध्याकाळी आली की तो जेवून निघायच्या तयारीत. मधल्या काळात तो ऐशूच्या शेजारी सतरंजी टाकून अर्धवट झोपायचा. बावीस वर्षं असं चाललं. निवृत्त झाल्यावर तो पूर्णवेळ ऐशूचाच झाला.

त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी शीलाने सुशांतचं बोलणं सांगितलं तेव्हा दौलतने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “जाऊया.”

“ऐशूला घेऊन?”

“डॉक्टरना विचारू.”

ठाण्याच्या डॉक्टरांकडे ऐशू लहानपणापासून जात होती. ते आता सत्तरीला आले होते. शीलाने कागद पुढे केला, सुशांतने लिहून दिलेला. मुंबईहून चेन्नई, तिथे विमान बदलायचं, मग पोर्ट ब्लेअर, मग दोन तास बोटीने हॅवलॉक. डॉक्टरांनी तो चष्मा वर करून वाचला.

“विमानाचं मला एवढं भय वाटत नाही,” ते म्हणाले. “औषध वाढवून देता येईल. पण पहाटेची उठाठेव, जागरण, नवी जागा, नवे आवाज, आणि हे सगळं एकदम. भर समुद्रात बोटीवर तिला मोठी फिट आली, आणि ती थांबलीच नाही, तर तुम्ही काय कराल? जवळ काही नसतं तिथं.”

“म्हणजे नकोच,” शीला म्हणाली.

“मी तुम्हाला जाऊ नका म्हणत नाहीये. तिला नेऊ नका म्हणतोय.” डॉक्टरांनी कागद परत दिला. “शीलाताई, तुम्ही दोघांनी जावं. मी हे वीस वर्षं सांगतोय.”

बाहेर ऐशू दौलतच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. “घरी?” तिने विचारलं. “घरी,” शीला म्हणाली. तिच्या डोक्यातून अंदमान गेलंसुद्धा. गेल्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही. अशा किती गोष्टी गेल्या होत्या.

चार दिवसांनी दौलतने विषय काढला. टिटवाळ्याच्या पुढे एक संस्था आहे म्हणाला. अशी मुलं-मुली सांभाळतात. मोठ्या मुलींची वेगळी इमारत आहे, नर्स चोवीस तास. आठ दिवसांसाठी पण ठेवून घेतात.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कंपनीतल्या एकाची भाची आहे तिथे. बघून तर येऊ. बघायला काय जातंय?”

शेजारच्या शकूमावशींना ऐशूजवळ बसवून ते दोघे डिसेंबरातल्या एका शनिवारी तिकडे गेले. आंब्याची झाडं होती, मध्ये पटांगण, दोन बैठ्या इमारती. स्वच्छ होतं. शीला मुद्दाम कोपऱ्यात, पलंगाखाली, न्हाणीघरात बघत होती, पण तिला नाव ठेवायला जागा मिळेना. व्यवस्थापिका उत्तराताई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून एक फाईल काढली.

“ऐश्वर्याचे बाकीचे सगळे कागद आहेत आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “फक्त आईची सही राहिली होती. आणि नंबर आता वर आलाय, त्यामुळे तुम्ही बरोबर वेळेवर आलात. आधी आठ दिवस ठेवून बघू. रमली तर मग कायमचं.”

“कायमचं?” शीला म्हणाली.

उत्तराताईंनी दौलतकडे पाहिलं. दौलत चहाच्या कपाकडे बघत होता.

शीलाने फाईल आपल्याकडे ओढली. अर्ज दौलतच्या अक्षरात होता. ते मोठं, एकेक अक्षर सुटं काढलेलं वळण तिने हजार अक्षरांतून ओळखलं असतं. ऐशूचा फोटो लावलेला होता, निळ्या फ्रॉकातला. खाली तारीख होती. तीन वर्षांपूर्वीची. त्याची अँजिओप्लास्टी झाली त्यानंतर बरोबर अठरा दिवसांची.

उत्तराताईंना नमस्कार करून ती बाहेर आली. रस्त्यावर रिक्षा नव्हती. एका बंद टपरीच्या बाकड्यावर दोघे दोन टोकांना बसले. समोर वाळत घातलेल्या भाताच्या पेंढ्यावर कोंबड्या फिरत होत्या.

“तीन वर्षं,” शीला म्हणाली. “तीन वर्षं माझ्या घरात बसून तुम्ही हे लपवलंत.”

“सांगणार होतो.”

“केव्हा? तिला इथं सोडून झाल्यावर? आणि ते अंदमान? ते कशाला मध्ये आणलंत? माझ्या गळी उतरावं म्हणून?”

दौलत खाली बघून बोलू लागला. तो एका वेळी इतकं कधीच बोलत नसे. “तुला मी सांगितलेलं की छातीत दुखायला लागलं म्हणून मी शकूमावशींना हाक मारली. तसं नाय झालेलं. मी न्हाणीत पडलेलो. अकरा वाजता. शकूमावशी दीड वाजता डबा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी बघितलं. अडीच तास मी पडून होतो, शीला. शुद्धीत होतो, पण हलता येईना.”

“आणि ऐशू?”

“ऐशू माझ्याजवळच होती ना. तिला वाटलं, बाबा झोपले. आधी उशी आणून दिली. मग चादर आणली आणि माझ्यावर घातली.” तो थांबला. “पूर्ण घातली. तोंडावरून. आणि शेजारी बसून थोपटत होती मला.”

कोंबड्यांना कुणीतरी हुसकावलं, त्या बाकड्याखालून पळाल्या.

“त्या चादरीखाली मी एकच विचार करत होतो,” दौलत म्हणाला. “मी गेलो तर चालेल. शीला आहे. पण मग शीला गेली की? तिच्या आठच्या गोळीचं काय? तू मला सांग, कोण आहे आपलं? तुझा भाऊ ठेवेल? माझ्या गावची माणसं ठेवतील?”

“मी अजून आहे.”

“आहेस. म्हणून तर आताच बोलतोय. आपण असताना तिला कळू दे की आपण नसलो तरी आठ वाजतात. आपण मेल्यावर कोणीतरी हाताला धरून इथं आणून टाकायच्या ऐवजी…” त्याने रिक्षा येते का ते पाहिलं. मग म्हणाला, “आणि अंदमान मी फसवायला नाय आणलं. मला खरंच जायचंय गं. बावीस वर्षं मी सकाळी घरी आलो की तू बाहेर पडायचीस. रिटायर झालो तरी तू आपली आठ वाजता तिच्यापाशी, आणि मी चहाकडे. मला एकदा तुझ्याबरोबर सकाळी उठून नुसतं बसायचंय. कुठंतरी.”

रिक्षा आली. शीला आधी बसली. घर येईपर्यंत ती रडली नाही. घरी आल्यावर ऐशूने विचारलं, “कुठे?” आणि तेव्हा मात्र ती आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ न्हाणीत उभी राहिली. त्याच न्हाणीत.

पुढचा आठवडा ती दौलतशी कामापुरतंच बोलली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सुशांतच्या समोर डबा ठेवला.

“दोन,” ती म्हणाली.

सुशांतने मोबाईल काढला, चष्मा लावला. “खिडकी देऊ ना एक? खाली समुद्र दिसतो उतरताना. बेटं दिसतात, हिरवी हिरवी.”

“त्यांना दे खिडकी.”

मग ठरवाठरवी सुरू झाली. दौलत रोज संध्याकाळी सुशांतला फोन करू लागला. विमानात आपलं पाणी चालतं का? बोट लागते का? आधार कार्डची झेरॉक्स की मूळ? त्याने वाण्याच्या दुकानातून आणलेल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बेटांचा नकाशा काढला आणि भिंतीवर लावला. ऐशू त्या ठिपक्यांवर बोट ठेवून विचारायची, “काय?” तो सांगायचा, “बेट. चारी बाजूंनी पाणी.” “पाणी,” ऐशू म्हणायची आणि तिला ते फार आवडायचं. शीलाला तिकडे बघवत नसे.

शीलाची यादी वेगळी होती. तिने पोस्टातल्या फुलस्केप कागदांवर ऐशूबद्दल लिहायला घेतलं. शिकरण कसं करायचं. केळं पिकलेलं हवं, पण काळं नको. साखर एक चमचा. झोपताना उजव्या कुशीवर, हाताखाली मऊ कापड. फिट यायच्या आधी ती कानाला हात लावते. पाळीच्या दिवसांत रडते, रागावू नका. गाऊनची बटणं पुढून. लिहिता लिहिता सहा पानं झाली. एकोणतीस वर्षांचं सगळं सहा पानांत मावलं याचं तिला नवल वाटलं, आणि वाईटही.

बाजारात बॅग घ्यायला गेले तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुलूपही घ्यायला हवं. एरवी दाराचं लॅच ओढलं की भागायचं. घर रात्रीचं कधी रिकामं राहिलंच नव्हतं. दुकानदाराने विचारलं, “गोडाऊनला पाहिजे की घराला?” शीला म्हणाली, “घराला,” आणि लहानातलं लहान घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते ऐशूला घेऊन संस्थेत गेले. शीलाने रात्रभर मनाची तयारी केली होती. ऐशू ओरडेल, ओढणी धरेल, जमिनीवर बसेल. तसं झालं तर सरळ परत आणायचं, हेही तिने ठरवलं होतं. दौलतलाही न विचारता.

ऐशू गाडीतून उतरली, पटांगणात उभी राहिली. समोर ओटीवर आठ-दहा मुली शेंगा सोलत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्यासारखी माणसं तिने एकत्र अशी कधी पाहिलीच नव्हती. एकीने बाजूला सरकून जागा केली. ऐशू जाऊन बसली आणि शेंग उचलली.

शीला तिथल्या दीपिका नावाच्या मदतनीस बाईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोन चमच्यांमध्ये गोळी कशी चुरायची ते करून दाखवलं. “मध्ये मध्ये बोलायचं तिच्याशी. लक्ष नसलं पाहिजे.”

“हो ताई.”

“केळं नसलं तर ती घेणार नाही.”

“केळी आहेत ताई. रोज येतात.”

निघताना शीलाने ऐशूच्या डोक्यावरून हात फिरवला. “आई जाऊन येते हं.”

“जा,” ऐशू म्हणाली. ती शेंग उघडत होती. एकीत तीन दाणे निघाले, ते तिने शेजारच्या मुलीला दाखवले.

दौलत परतताना म्हणाला, “बरं झालं, रडली नाय.” शीला हो म्हणाली. तिला वाटलं होतं, निदान मागे वळून बघेल.

विमानात दौलत पूर्ण वेळ काचेला नाक लावून बसला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. ढग खाली गेल्यावर त्याने तिचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. हॅवलॉकला त्यांचं हॉटेल किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर होतं. समुद्र सुशांतने सांगितला तसाच होता. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसत. तळाला काच लावलेल्या होडीत बसून त्यांनी पोवळी पाहिली, निळे-पिवळे मासे पाहिले. दौलत लहान मुलासारखा ओरडत होता, “शीला, तो बघ, तो बघ!” ती बघत होती. सुंदर होतं. ते सुंदर आहे हे तिला कळतही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाळूवर पडलेल्या एका ओंडक्यावर चहाचे कप घेऊन बसले. दौलतला हवं होतं तसं. भरती होती. कुणालाही कुठे जायचं नव्हतं. आठ वाजता शीलाच्या मोबाईलचा गजर झाला. गोळीचा. तिने तो बंद करायला हवा होता, पण बोट पुढे होईना. गजर वाजत राहिला. पलीकडे बसलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. शेवटी दौलतने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि गजर बंद केला.

“त्यांनी दिली असेल,” तो म्हणाला.

“हो.”

“फोन करू का?”

फोन दीपिकाने घेतला. ऐशू बरी आहे म्हणाली. जेवते, झोपते. “देते हां तिला. ऐशू, ए ऐशू, आईचा फोन!” मग मागे गलका, टाळ्या, भांड्यांचा आवाज. बऱ्याच वेळाने दीपिका परत आली. “ताई, ती नको म्हणते. खेळतेय. संध्याकाळी करा.”

संध्याकाळी केला तेव्हाही तसंच झालं. तिकडे अंधार फार लवकर पडतो. साडेपाचला समुद्र काळा झाला होता आणि डोंबिवलीत अजून ऊन असणार होतं. शीला पाण्याच्या कडेला उभी होती. ती तक्रार करणार तरी कुणाजवळ, आणि कशाची? मुलगी सुखात आहे याची? दौलत मागे येऊन उभा राहिला. दोघे तसेच उभे राहिले, आणि मग तिला जाणवलं की तोही रडतोय. आवाज न करता, तोंड दुसरीकडे करून. एकतीस वर्षांच्या संसारात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ते दोघे तशा वेळी कधी एकत्र नव्हतेच. तिने ओढणीचं टोक त्याच्या हातात दिलं.

“आपण वाईट नाय ना गं केलं?” तो म्हणाला.

“मला काय माहीत,” शीला म्हणाली. मग, “नाही. वाईट नाही केलं.”

उरलेले दिवस त्यांनी नीट काढले. नारळपाणी प्यायले, जेल पाहिलं, शंखांच्या माळा घेतल्या. फोटोत दोघे हसताना दिसतात.

परतल्यावर घरी बॅग टाकून ते तडक संस्थेत गेले. ऐशू केस विंचरून, दोन वेण्या घालून बसली होती. तिने शीलाला ओळखीचं हसून दाखवलं, हात धरून आत नेलं, आपला पलंग दाखवला. “माझा,” ती म्हणाली. घरी हा शब्द ती वापरत नसे. घरी सगळंच तिचं होतं.

दीपिका कपड्यांच्या घड्या करत होती. शीलाने विचारलं, “गोळीला त्रास दिला का खूप?”

“पहिल्या दिवशी थुकली ताई. दोन्ही वेळा. मग दुसऱ्या दिवशी बाकीच्या पोरी गोळ्या घ्यायला रांगेत उभ्या राहतात ना, ही पण जाऊन उभी राहिली. हात पुढे केला. मी दिली, पाणी दिलं, तिने गिळली.”

“केळ्यातून?”

“नाय. नुसत्या पाण्याबरोबर.”

“चुरली होतीस ना?”

“नाय ताई. अख्खी गोळी.”

शीला पलंगावर बसली. “नुसत्या पाण्याबरोबर,” ती म्हणाली. दीपिकाला वाटलं ताई रागावल्या, ती घाईघाईने सांगू लागली की एकदाही फिट आली नाही, वहीत लिहिलेलं आहे. शीला मान हलवत राहिली. सकाळ-संध्याकाळ मिळून ती गोळी तिने किती वेळा चुरली असेल याचा हिशेब करायचं तिच्या मनात आलं, पण तिने तो केला नाही.

“ऐशू, घरी जायचं?” तिने विचारलं.

ऐशूने जरा विचार केला. “उद्या,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारीही ती “उद्या” म्हणाली. त्याच्या पुढच्याही. फेब्रुवारीच्या शेवटी शीलाने सही केली. अर्जात एक रकाना होता: पालकांच्या पश्चात जबाबदार व्यक्ती. तिथे दौलतने काही लिहिलं नव्हतं. आयुष्यभर खिडकीपलीकडच्या माणसांना ‘रकाना रिकामा सोडू नका’ असं सांगत आलेली शीला पेन धरून बसून राहिली. उत्तराताईंनी हळूच कागद आपल्याकडे घेतला आणि तिथं आपलं नाव लिहिलं.

आता ते दर रविवारी दुपारी जातात. शीला निवृत्त झाली. पोस्टाने तिला शाल आणि घड्याळ दिलं, सुशांतने भाषण केलं. रविवारी ती चकल्या किंवा रव्याचे लाडू करून नेते. सगळ्या मुलींना पुरतील इतके. ऐशू एक खाते आणि बाकीचे स्वतः वाटते, मोजून, एकीला एक.

भेटीची वेळ पाचपर्यंत. परवाच्या रविवारी पाच वाजले तशी आतून दीपिकाची हाक आली, “ऐशू, वेळ झाली गं!” ऐशू बोलता बोलता उठली. अर्धा लाडू ताटलीत ठेवून तिने हात कुर्त्याला पुसले आणि पुढे चालू लागली. दौलत आणि शीला तिच्या मागून. दुसरेही आईबाप निघाले होते. फाटकाशी उभी राहून ऐशू एकेकाला बाहेर जाऊ देत होती. सगळ्यांत शेवटी शीला बाहेर पडली. मग ऐशूने फाटकाचे दोन्ही दरवाजे ओढून जुळवले. लोखंडी कडी जड होती. तिने दोन्ही हातांनी ती उचलली, ओठ दातांत धरून सरकवली.

“नवीन काम दिलंय तिला,” दीपिका मागून म्हणाली. “दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाय.”

दौलत रिक्षा थांबवायला पुढे गेला होता. शीला फाटकाबाहेर उभी होती. गजांमधून तिला ऐशूचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

“नीट लागली का बघ हं, ऐशू.”

ऐशूने कडी हलवून पाहिली.

“लागली,” ती म्हणाली. “आता जा.”

शीलाने ओढणी सावरली आणि रिक्षाकडे चालू लागली. मागून कडीचा आवाज पुन्हा आला. ऐशू आणखी एकदा तपासून बघत होती.